आठवी कळ

१

त्या ओळीतला खोटेपणा सर्वांत आधी एका परिचारिकेच्या तळहाताला कळला.

नवजात बाळांच्या कक्षात नव्या काचेच्या पेट्या आल्या होत्या. अपुऱ्या दिवसांचे बाळ अशा पेटीत ठेवतात. आत ऊब किती राहावी, हे पेटीने स्वतः सांभाळायचे असते. परिचारिकेने दुपटे सारखे करायला हात आत घातला आणि तो तिथेच थबकला. पेटी तापली होती. तिने बाळ उचलून छातीशी धरले, म्हणून ते वाचले. मग पेटीच्या मागच्या बाजूचे प्रमाणपत्र वाचून तिने त्यावरच्या क्रमांकावर फोन लावला.

"ही पेटी तुमच्याकडे तपासली कुणी? आत हात तरी घातला होता का?"

ते प्रमाणपत्र ज्या संस्थेचे होते, तिथे मी एकतीस वर्षे विश्लेषण विभागाची प्रमुख होते. आता तो विभाग माझी सून सांभाळते. प्रमाणपत्राखाली तिची सही होती.

सगळ्या पेट्या त्याच दिवशी बंद करून बाळे दुसरीकडे हलवण्यात आली. यंत्रांच्या चाचण्या घेणाऱ्या इंजिनिअरने सुनेचा प्रोग्राम उघडला आणि एक्केचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवले. एकोणचाळीस अंशांच्या वरची प्रत्येक नोंद गणितातून वगळावी, अशी ती आज्ञा होती. तिच्या डोक्यावर एक छोटे टिपण होते: 'तापमापकातील दोष.' तापमापकात कसलाही दोष नव्हता. सहा आठवड्यांच्या चाचणीतल्या दोनशे चौदा नोंदी त्या एका ओळीने गिळल्या होत्या, आणि उरलेल्या आकड्यांवरून पेटी निर्दोष ठरली होती.

बुधवारी सकाळी संचालकांचा मला फोन आला. हे गृहस्थ माझ्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. केस पांढरे झाले तरी मी त्यांना अरे-तुरे करते आणि त्यांनाही ते चालते.

"बाई, आज चार वाजता समिती बसतेय," तो म्हणाला. "फाइल तिची, संगणक तिचा. नोकरी जाईलच, पण नंतरही कुठली चाचणी-संस्था तिला दारात उभी करणार नाही. बाहेरून कानावर येण्याआधी मीच सांगावं म्हटलं."

"मी येते आहे."

"बाई, तुमची सून आहे ती. तुम्ही चौकशी केलेली बरी दिसेल का?"

"एकतीस वर्षं तुम्हा सगळ्यांच्या चुका मीच शोधल्या. तेव्हा बरं दिसत होतं ना? मग आज आणखी एकदा दिसू दे."

दहा वाजता मी तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत पोचले. तिचे डोळे सुजले होते, पण ती ताठ बसली होती. ते मला आवडले. ओळ कधी घातली गेली, हे संगणकाने नोंदवून ठेवले होते: पंधरवड्यापूर्वीचा मंगळवार, दुपारी एक ते दीडच्या दरम्यान. मी एकच प्रश्न विचारला.

"त्या वेळी तू कुठे होतीस?"

तिने खिडकीकडे पाहिले. "कँटीनमध्ये, आई."

मी खुर्ची ओढून बसले. कँटीन मंगळवारी बंद असते. तो नियम मीच घालून दिला होता.

२

खोटे पकडले म्हणून लगेच तोंडावर फेकायचे नसते. ते हातात ठेवून मी तिला संगणक सुरू करायला सांगितला.

आमच्या संस्थेत सारे काम एका एडिटरमध्ये चालते. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात प्रोग्राम असतो, उजव्या अर्ध्यात जिवंत गणित. डावीकडची एखादी ओळ उजवीकडे पाठवली की तिचे उत्तर तिथल्या तिथे मिळते. ते पाहून पुढची ओळ लिहायची. आकड्यांशी समोरासमोर बसून बोलावे, तसे हे काम आहे. या एडिटरचा मोठा गुण असा, की ज्याने त्याने तो आपल्या हाताजोगा लावून घ्यावा. कोणती कळ दाबल्यावर काय व्हावे, रंग कोणते असावेत, फाइल उघडताच काय घडावे, हे सगळे आपण ठरवायचे. स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवायचे हे जशी त्या घरची बाई ठरवते, तसेच. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरले की मिठाचा डबा सापडत नाही, आणि दुसऱ्याच्या एडिटरमध्ये बसले की बोटे अडखळतात.

माझी अशी एक मांडणी होती. पुढे प्रत्येक तुकडीला मी तीच दिली. तिला 'बाईंची मांडणी' म्हणत. सून आली तेव्हा तिलाही दिली. तिने पहिल्याच दिवशी तिच्यात फेरफार केले. वरच्या रांगेतली आठवी कळ मी एका कामाला लावलेली होती. तिने ती ओळ पाठवायला लावली.

"आई, चालेल ना?" तिने विचारले होते. मी चालेल म्हटले आणि आठवडाभर तिच्याशी मोजकेच बोलले.

एक गोष्ट मात्र तिने बदलली नव्हती. उजवीकडे पाठवलेली प्रत्येक ओळ, वेळेसकट आणि उत्तरासकट, एका निराळ्या फाइलीत आपोआप उतरते. तिला मी रोजनिशी म्हणत असे.

"मंगळवारची रोजनिशी काढ."

तिने काढली. एक वाजून सतरा मिनिटे, पाच सेकंद: एक्केचाळिसावी ओळ पाठवली, उत्तर, 'दोनशे चौदा नोंदी वगळल्या.' सातव्या सेकंदाला तीच ओळ पुन्हा. उत्तर, 'शून्य नोंदी वगळल्या.' नवव्या सेकंदाला तीच ओळ तिसऱ्यांदा, पुन्हा शून्य. त्यानंतर काही नाही. फाइल जतन झाली ती एक वाजून एकोणीस मिनिटांनी.

"हे समितीने पाहिलं?"

"पाहिलं. ते म्हणतात, मी घाईघाईत बटणं दाबत होते."

"आणि तू ही रोजनिशी दुसऱ्या दिवशी वाचली नाहीस?"

"नाही, आई. प्रोग्राम माझाच होता. सहा आठवड्यांपूर्वी लिहिलेला. जेवून आले, चालवला, निकाल आला, अहवाल लिहिला."

"जेवायला जाताना संगणकाला कुलूप घातलं होतंस?"

तिने मान खाली घातली.

"रोजनिशी काय शोभेला ठेवायला असते?" मी म्हटले. ते बोलणे कठोर होते, आणि योग्य होते.

मग मी मूळ ओळ नीट वाचली, आणि माझे मलाच बरे वाटेना. जगात बहुतेक जण 'तापमान एकोणचाळिसाहून मोठे' असे लिहितात. इथे आकडा आधी होता आणि नाव नंतर: 'एकोणचाळीस लहान, तापमान मोठे.' पट्टीवर आकडे डावीकडून उजवीकडे वाढत जातात तसेच लिहावे, हा माझा हट्ट. वर कारणाचे टिपण असल्याशिवाय एकही नोंद वगळायची नाही, हाही माझाच.

ती ओळ माझ्या हाताखाली शिकलेल्या कुणीतरी लिहिली होती. आणि त्या मजल्यावर रोज प्रोग्राम लिहिणारी माझी विद्यार्थिनी एकच होती.

३

इंजिनिअरची यंत्रखोली तळमजल्यावर आहे. त्याला सगळे 'मिस्त्री' म्हणतात, कारण कुठलेही यंत्र तो आधी खोलतो आणि मग त्याची माहितीपुस्तिका मागतो. मी गेले तेव्हा तो एका पेटीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

"या बाई. सुनेची वकिली करायला?"

"वकिली करायची असती तर काळा कोट घालून आले असते. चाळीस ओळी सोडून तुम्ही नेमकी एक्केचाळिसावी कशी पकडली?"

"मला आधीच माहीत होतं, सात नंबरची पेटी तापते." त्याने हात बाहेर काढून पुसला. "त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी डोळ्यांनी पाहिलं. साहेबांना जाऊन सांगितलंसुद्धा. ते कंपनीवाले तिथंच चहा पीत बसलेले. साहेब म्हणाले, आकड्यांत दिसेलच. मग आकड्यांत दिसलं नाही, तेव्हा आकडे कुठं गेले ते बघणं आलंच."

"माझ्या सुनेला का नाही सांगितलंत?"

"तिसरा मजला चढायचा आणि वर ऐकून घ्यायचं, की तोंडी नको, लेखी द्या. शिस्त कुणाची, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

टोमणा मला होता. मी तो ठेवून घेतला.

"तिचा एडिटर तुम्हाला वापरता येतो?"

"तो? तो तुमच्या काळातला संसार आहे, बाई. माझी सेटिंगची फाइल नऊशे ओळींची आहे, आणि दर महिन्याला मी ती मोडून नवी करतो. मला सेव्हसुद्धा करावं लागत नाही. हात उचलला, दोन सेकंद गेले, की आपोआप होतं." बोलताना त्याचा चेहरा उजळला, नातवंडांचे कौतुक सांगावे तसा. मग तो पुन्हा आखडला. "ओळ मी घातली असं म्हणायचंय का तुम्हाला? घातली असती तर मीच कशाला शोधली असती?"

"शोधून देणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही म्हणून."

तो हसला नाही. "मग हेही ऐका. तुमच्या सुनेला इथून निघायचंय. दुसऱ्या संस्थेतून मला फोन आला होता, ती कामाला कशी आहे म्हणून विचारायला. हातातलं काम पटकन उरकून मोकळं व्हायचं होतं तिला. समितीला मी हेच सांगणार आहे."

घरातली बातमी मला तळमजल्यावरच्या यंत्रखोलीत कळत होती. मी जिना चढले. तीन मजले चढायला मला हल्ली वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

सून दारातच उभी होती.

"कँटीन मंगळवारी बंद असतं," मी म्हटले.

 ती हळू म्हणाली, "मागच्या जिन्यावर होते. मुलाखत होती, फोनवर. अर्धा तास. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती, आई. ही खुर्ची तुमची आहे. ती सोडते म्हणायचं कसं?"

"फोन कुठूनही घेता येतो. या खुर्चीत बसूनही घेता येतो."

"तुमचासुद्धा विश्वास नाही?"

"माझा विश्वास समितीच्या टेबलावर ठेवता येत नाही. ठेवता येईल असं काहीतरी मला दे."

तिच्याकडे द्यायला काहीच नव्हते. घड्याळात साडेबारा झाले होते.

४

पाहुण्यांच्या खोलीत पेट्या बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी होता. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा आणि प्रत्येक वाक्याला मॅडम. पेटी निर्दोष ठरण्यात सर्वांत जास्त हित याचे, हे उघडच होते. इतके उघड, की संशय आपल्यावरच येणार हे धरून त्याने आधीच तयारी केलेली होती.

"मॅडम, मंगळवारी मी इथंच होतो. या सोफ्यावर. फोनवर."

"सगळेच फोनवर होते म्हणायचे. प्रोग्राम लिहिता येतो?"

"थोडाफार. पण तुमचा तो एडिटर म्हणजे... एकदा साहेबांनी दाखवला होता. मी विचारलं, सेव्हचं चित्र कुठंय? तर सगळे हसले. मला आपला माऊस लागतो. माऊसशिवाय मी आंधळा."

"सोमवारी पेटी तापल्याचं ऐकलं होतंत?"

हसू जरा ओघळले. "ऐकलं. आमच्या लोकांनाही कळवलं. ते म्हणाले, अहवाल येऊ दे." मग स्वतःहूनच तो म्हणाला, "मॅडम, अहवाल वाईट आला असता तर पेटी दुरुस्त करून पुन्हा आणली असती. आता बाळ भाजता भाजता राहिलंय. आमची कंपनी राहते की नाही ते बघा. यात माझा काय फायदा?"

बोलणे सरळ होते. पण सरळ बोलणे हाच त्याचा धंदा होता. आणि फाइल जतन व्हायला लागलेली ती दोन मिनिटे मला आठवत होती. जतनाचे चित्र शोधत माऊस फिरवणाऱ्या माणसाला दोन मिनिटे लागतील.

समोरच संचालकांची खोली. त्याने उठून मला स्वतःची खुर्ची दिली, तशी तो नेहमीच देतो. टेबल रिकामे होते. कागद खोक्यांत भरलेले.

"तीन आठवडे उरले, बाई. मग तुमच्यासारखाच मी मोकळा."

"मी मोकळी दिसते का तुला?"

तो हसला. मंगळवारी दुपारी तो इथेच सह्या करत होता, असे म्हणाला. कुणी येताजाता दिसले नव्हते.

"ती ओळ वाचलीस? लिहिण्याची पद्धत माझी आहे."

"वाचली. म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं." त्याने हात पसरले. "मी अकरा वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. माझ्या संगणकावर तो एडिटरसुद्धा नाही. हवं तर बघा. मी फक्त सह्या करतो. नाहीतर तुमच्या पद्धतीनं लिहिणारे आम्ही दोघंच उरलो असतो, मी आणि ती." मग तो आठवणींत शिरला. "काय शिस्त होती तुमची. करंगळीला बँडेज, हातात पट्टी, आणि दर दहा मिनिटांनी टेबलावर फटका. सेव्ह केलंत का? वीज गेली तर रडत बसाल. अजून स्वप्नात येतं."

माझी डावी करंगळी फार वर्षांपूर्वी यंत्रखोलीच्या दारात चेंगरली होती. ती आजही पुरती वाकत नाही. मी त्या बोटाकडे पाहिले.

मग उठले. "चार वाजण्याआधी सगळ्यांचे जबाब मला हवेत. तुझाही."

"माझा कशाला, बाई?"

मी दाराकडे वळले. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तो नव्हता. रोजनिशीतल्या त्या तीन ओळी होत्या, आणि त्या घाईने दाबलेल्या नव्हत्या, हे मला एकाएकी लख्ख दिसले.

५

सुनेच्या खोलीत जाऊन मी दार लावून घेतले.

"आठवी कळ दिवसाला किती वेळा दाबतेस?"

"मोजली नाही, आई. शे-दोनशे वेळा."

"मोज."

रोजनिशीत शोधायला तिला पाच मिनिटे लागली. त्या मंगळवारी सकाळी एकशे त्रेचाळीस वेळा. लागोपाठ तीच ओळ, तेही काही न बदलता? एकदाही नाही. गेल्या सहा वर्षांत? तिने एक छोटी आज्ञा लिहून सहा वर्षांच्या रोजनिश्या चाळल्या. तीच ओळ चार सेकंदांत तीनदा, असे एकदाच घडले होते.

"पहिल्याच वेळी उत्तर आलं होतं, दोनशे चौदा नोंदी वगळल्या म्हणून," मी म्हटले. "काम झालेलं डोळ्यांनी दिसत असताना माणूस पुन्हा का दाबेल?"

ती विचारात पडली. "त्याला दुसरंच काहीतरी व्हायला हवं असेल तर."

"बरोबर. आता जाऊन समितीच्या अध्यक्षांना बोलावून आण. आणि सगळ्यांना सांग, हस्ताक्षर मला वाचवत नाही. प्रत्येकानं इथे बसून, याच एडिटरमध्ये दोन ओळींचा जबाब लिहायचा आणि सेव्ह करायचा. मोठ्या अक्षरांत."

साडेतीन वाजता खोलीत उभे राहायला जागा नव्हती. अध्यक्षबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी प्रत्येकासाठी डावीकडे कोरी फाइल उघडून दिली. उजवीकडचे गणित चालूच ठेवले.

प्रथम मिस्त्री. त्याने धडाधड दोन ओळी बडवल्या, दोन्ही हात उचलले आणि वाट पाहिली. खालच्या पट्टीवर दोन चांदण्या दिसत होत्या. फाइल जतन झालेली नसली की त्या दिसतात. "अरे हो, हे माझं नाही," असे पुटपुटत त्याने कंट्रोल धरून एकामागून एक दोन अक्षरे दाबली. एडिटर मूळ जसा येतो, त्यातली ती जुनी रीत. सूनही तीच वापरते. चांदण्या गेल्या.

मग कंपनीचा माणूस. त्याने एकेक अक्षर शोधून लिहिले आणि कळफलकाला पुढे हातच लावला नाही. माऊस घेऊन तो वरच्या मेनूत शिरला, आणि सगळे थांबून राहिले. जतन करण्याची ओळ त्याला मिळाली तेव्हा कपाळ पुसत तो उठला. "माझंच सगळ्यात उशिरा झालं वाटतं," तो म्हणाला. कुणी हसले नाही.

"आता तू," मी संचालकांना म्हटले.

"बाई, मी अकरा वर्षांत..."

"दोनच ओळी आहेत."

तो बसला. सुरुवातीला बोटे चाचपडली, मग ती आपापल्या जागी जाऊन बसली. मी शिकवलेले बसणे होते ते. न पाहता, मनगट न टेकवता त्याने लिहिले: 'मी त्या मंगळवारी सूनबाईंच्या खोलीत पाऊल ठेवले नाही.' पूर्णविराम दिला. आणि त्याचा उजवा हात सहज वर गेला.

आठवी कळ.

उजव्या अर्ध्यात त्याचे वाक्य उमटले. त्याखाली गणिताने उत्तर दिले: 'ही आज्ञा समजली नाही.'

त्याची नजर खालच्या पट्टीवरच्या चांदण्यांवर होती. त्या हलल्या नव्हत्या. त्याने पुन्हा कळ दाबली. 'ही आज्ञा समजली नाही.' पुन्हा दाबली.

मग त्याने उजवीकडे पाहिले, आणि त्याचा हात तिथेच हवेत राहिला.

६

अध्यक्षबाईंना समजेना, म्हणून मी सांगू लागले.

"माझी करंगळी चेंगरली तेव्हा मला कंट्रोलची कळ धरून ठेवता येईना. दर दहा मिनिटांनी फाइल जतन करायची तर सोपी कळ हवी. मी ते काम आठव्या कळीला दिलं. पुढे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याचं बोट तिथेच वळलं. अपवाद फक्त सुनेचा. तिने पहिल्याच दिवशी ती कळ ओळ पाठवायला लावली.

"ज्याने ती ओळ लिहिली, त्याला ती उजवीकडे पाठवायची नव्हतीच. त्याला फक्त फाइल जतन करून निघायचं होतं. त्याने आठवी कळ दाबली, चांदण्या गेल्या नाहीत. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. मग तो मेनू शोधत बसला, त्यात दोन मिनिटं गेली. आपण काहीतरी पाठवतो आहोत आणि ते कुठेतरी उतरतं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"मिस्त्रींना जतन करायला कळच लागत नाही. कंपनीवाले कळ दाबतच नाहीत. सून तीच कळ दिवसाला दीडशे वेळा ओळ पाठवायला दाबते. उरला माझ्या जुन्या मांडणीतला माणूस. आणि तोही असा, की ज्याच्या बोटांनी त्यानंतर दुसरं काहीच शिकलेलं नाही. रोज काम करणाऱ्यांच्या सवयी बदलत जातात. हा अकरा वर्षांपूर्वी थांबला. म्हणून माझी आठवी कळ याच्याच हातात जशीच्या तशी राहिली."

 मिस्त्रीने जमिनीकडे पाहत सुनेला म्हटले, "सोमवारी मी वर यायला हवं होतं." तिने मान हलवली.

संचालक कळफलकापासून उठला नव्हता. "तापमापकच बिघडलाय, असं मला वाटलं बाई," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने: "वाटून घेतलं. पुन्हा चाचणी म्हणजे सहा आठवडे. मला उरले होते पाच. जाताना हे काम अर्धवट टाकून जावं लागणार होतं. ती जेवायला गेली, दार उघडं होतं, संगणक चालू होता."

"इथपर्यंत मी चूक म्हटली असती," मी म्हटले. "मोठी चूक, पण चूक. त्या परिचारिकेचा फोन आला तेव्हा तू तोंड उघडायला हवं होतंस. तू माझ्या सुनेचं नाव पुढे केलंस. आणि वर सकाळी मलाच फोन केलास. का रे?"

"वाटलं, तुम्ही येणार नाही. तुम्ही कधी घरच्या माणसासाठी शब्द टाकला नाहीत."

ते खरे होते, आणि मला लागले. मी अध्यक्षबाईंकडे वळून म्हटले, "समिती चार वाजता आहे. पाच मिनिटं उरली आहेत. जबाब त्याचा त्याने लिहिलेला आहे. रोजनिशीत उत्तरांसह तीनदा आहे." त्या त्याला बरोबर घेऊन गेल्या. दारातून जाताना त्याने नेहमीच्या सवयीने मला वाट करून दिली. मी जागची हलले नाही.

साडेचारला निरोप आला: सुनेवर ठपका नाही. जुना अहवाल मागे घेतल्याचे पत्र विभागाने ताबडतोब द्यावे.

"आई, तुम्ही सांगा, मी लिहिते," ती म्हणाली. पहिलाच शब्द तिने लिहून खोडला. मी तिला उठवले आणि खुर्चीत स्वतः बसले. दोनशे चौदा नोंदींसह सगळे लिहिले, एकही शब्द मऊ केला नाही. पूर्णविराम दिला, आणि माझा उजवा हात वर गेला.

'ही आज्ञा समजली नाही.'

सून मागे उभी होती. तिने ते पाहिले. हसू दाबून ती म्हणाली, "ती कळ तुमच्यासाठी परत बदलून देऊ का, आई? एका ओळीचं काम आहे."

"नको. संगणक तुझा आहे. तुझी रीत दाखव."

तिने दाखवली. करंगळी वाकत नव्हती, म्हणून मी कंट्रोल अंगठ्याने धरली. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चांदण्या गेल्या.

"त्या मुलाखतीचं काय झालं?" मी पडद्यावरची नजर न काढता विचारले.

"बोलावलंय त्यांनी. पण आता इथं असं सगळं झाल्यावर..."

"बोलावलंय तर जा. तिथे गेल्यावर रोजनिशी पहिल्या दिवसापासून चालू ठेव," मी म्हटले, "आणि रोज सकाळी वाच. जेवायला उठशील तेव्हा कुलूप घाल. दुसऱ्याच्या प्रोग्रामवर विश्वास ठेवू नकोस, आणि स्वतःच्या तर मुळीच नको."

"हो, आई."

"आणि मंगळवारी कँटीन बंद असतं, हे लक्षात ठेव."

या वेळी ती हसली. मी उठून तिला तिची खुर्ची दिली.